पंचविशीच्या आतले ताट

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम, शिकागो, मिनिआपोलिस आणि ओकलंड या चार शहरांत १९८५-८६ साली पाच हजारांहून अधिक तरुण-तरुणींची एका दीर्घ अभ्यासासाठी नोंदणी झाली. वय अठरा ते तीस. निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय, बाकीचे गोरे. काही कॉलेज शिकलेले, काही शाळेतच थांबलेले. ‘कार्डिया’ या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास मुळात हृदयविकाराचा. तरुणपणीच्या सवयींमधून पुढे हृदय कसे बिघडते, हे संशोधकांना पाहायचे होते. पण अभ्यास आखणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. या मुलामुलींना एका नळीत जोराने फुंकायला लावून त्यांनी त्यांचा श्वास मोजला. आणि जवळ बसवून, गेल्या महिन्याभरात काय काय खाल्ले हे बारीकसारीक तपशिलांसह विचारून लिहून घेतले. दोन्ही गोष्टी पुढे काही काही वर्षांनी पुन्हा केल्या.

पंचवीस वर्षांनी याच माणसांच्या छातीचे सीटी स्कॅन झाले. तोवर ती पन्नाशीला टेकली होती. त्यांच्यापैकी ज्यांनी तरुणपणी सिगारेट ओढली होती अशा तेराशेहून अधिक जणांची चित्रे तपासली, तेव्हा काहींच्या फुप्फुसांत वायुकोशांच्या भिंती विरून पोकळ्या पडलेल्या दिसल्या. डॉक्टर त्याला एम्फिसिमा म्हणतात. एकदा पडलेली पोकळी भरून येत नाही. मग संशोधकांनी जुन्या वह्या उघडल्या. भाज्या, फळे, डाळी, कडधान्ये, अख्खी धान्ये, सुकामेवा यांवर ज्यांचा भर होता त्यांना आहाराचे गुण जास्त. तळलेले, गोड पेये, प्रक्रिया केलेले मांस ज्यांच्या ताटात जास्त त्यांना कमी. सर्वांत कमी गुण असलेल्या गटात जवळजवळ चारांतल्या एकाला एम्फिसिमा निघाला. सर्वांत जास्त गुणांच्या गटात वीसांतल्या एकालाही नाही. किती सिगारेटी ओढल्या, शिक्षण किती, व्यायाम किती, हे सगळे हिशेबात धरल्यावरही फरक निम्म्याहून अधिक उरला.

अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मी इथेच स्पष्ट करते. पालेभाजी खाणारा माणूस इतरही बऱ्याच बाबतींत स्वतःला जपत असतो, आणि आकड्यांना ते सगळे पकडता येत नाही. तरीही छातीच्या दवाखान्यात बसणाऱ्या माझ्यासारखीने या निकालाकडे काणाडोळा करणे हा कामचुकारपणा ठरेल. आम्ही रुग्णाला विडी विचारतो, चूल विचारतो, कारखाना विचारतो, घरात कबुतरे आहेत का तेही विचारतो. तू जेवतोस काय, हे विचारत नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोराला तर मुळीच नाही. हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नाचे आहे.

प्रश्न याच वयाला का विचारायचा, ते समजायला फुप्फुसांचे वाढीचे गणित पाहावे लागते. जन्माच्या वेळी वायुकोश फार थोडे असतात. बहुतेक पहिल्या काही वर्षांत तयार होतात आणि मग छातीबरोबर मोठे होत जातात. प्रौढ माणसात त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरात जाते. श्वासाची ताकद मोजायची ती स्पायरोमेट्रीने. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पोटभर श्वास घ्यायचा आणि शेजारी उभा तंत्रज्ञ ओरडायला लागतो, ‘फुंक, फुंक, अजून, थांबू नकोस!’ पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली, तो आकडा सर्वांत महत्त्वाचा. हा आकडा वाढत वाढत विशी ते पंचविशीच्या दरम्यान शिखर गाठतो, मुलींमध्ये थोडा आधी. तिथे काही वर्षे टिकतो. मग धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसातही दर वर्षी साधारण पंचवीस-तीस मिलिलिटरने उतरत जातो. पंचविशीला गाठीशी जमलेली पुंजी पुढे आयुष्यभर मोडून खायची असते, आणि तिच्यात भर घालायची संधी नंतर मिळत नाही.

सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गात कायमचा अडथळा आणणारा फुप्फुसांचा विकार, हा पुंजी भराभर उधळल्याचा आजार, असे आम्हाला शिकवले गेले. १९७७ साली फ्लेचर आणि पेटो या ब्रिटिश संशोधकांनी काढलेला तो प्रसिद्ध आलेख प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने वहीत उतरवलेला आहे: सिगारेट ओढणाऱ्याची रेषा कशी धाडकन खाली येते. २०१५ साली तीन मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून निघालेल्या निष्कर्षाने त्या चित्राला दुसरी बाजू दिली. सीओपीडी झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसांची घसरण वेगाने झालीच नव्हती. त्यांची सुरुवातच खालून झाली होती. चाळिशीच्या आत ज्यांचा श्वास अपेक्षेच्या ऐंशी टक्क्यांहून कमी होता, त्यांच्यातल्या सव्वीस टक्क्यांना साधारण बावीस वर्षांनी हा आजार निघाला. ज्यांचा श्वास पुरेसा होता त्यांच्यात हे प्रमाण सात टक्के होते. तेव्हा शिखर किती उंच झाले, हा प्रश्न घसरण किती वेगाने झाली याच्या बरोबरीचा आहे.

शिखराची पायाभरणी आईच्या पोटात सुरू होते. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरच्या जुन्या जन्मनोंदींवरून डेव्हिड बार्कर यांनी १९९१ साली दाखवले की, जन्मतः वजन कमी असलेल्या बाळांची फुप्फुसे साठीतही कमी क्षमतेची राहिली. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून केला. त्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळे आकाराने मोठी निघाली. नेपाळच्या तराईतल्या सरलाही जिल्ह्यातला पुरावा तर थेट श्वासाचाच. तिथे ज्या बायकांना गरोदरपणाच्या आधी, दरम्यान आणि नंतर अ जीवनसत्त्व दिले गेले, त्यांची मुले नऊ ते तेरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या श्वासात इतर मुलांपेक्षा सरासरी शेहेचाळीस मिलिलिटरची भर दिसली. म्हणजे उतरणीच्या दीड-दोन वर्षांइतकी. आईच्या ताटातल्या एका घटकाची ही कमाई.

आता एक गोष्ट मला फार बोचते ती सांगते. जगभरच्या सतरा देशांतल्या निरोगी, धूम्रपान न केलेल्या लोकांचा श्वास मोजून झालेल्या तुलनेत दक्षिण आशियाई माणसांचा श्वास, उंची-वय-लिंग हिशेबात धरूनही, युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरला. स्पायरोमीटर यंत्रांत वर्षानुवर्षे यासाठी सोय होती. रुग्ण भारतीय आहे असे बटण दाबले की अपेक्षित आकडा खाली यायचा आणि अहवालावर ‘नॉर्मल’ उमटायचे. भारतीयांची फुप्फुसे लहानच, असे आम्हीही म्हणत आलो. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली वंशावर आधारलेली ही वजावट सोडून द्या अशी शिफारस केली. या फरकात शरीराच्या ठेवणीचा वाटा आहेच. पाय लांब आणि धड आखूड अशा बांध्यात छातीला जागा कमी. पण ज्या देशात आयाच अशक्त, मुले खुरटलेली, मुली सर्वांत शेवटी जेवणाऱ्या, त्या देशाची सरासरी घेऊन तिलाच निरोगीपणाचे माप ठरवायचे, यात उपासमारीलाच आपण नैसर्गिक ठरवून बसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी पाचांत एक कृश निघाली. त्या स्त्रियांची सरासरी ही कुणाच्याही लेकीसाठी मोजपट्टी असता कामा नये.

भूक फुप्फुसांना स्वतःच खाते, याचा पुरावा इतिहासातल्या एका काळ्या कोपऱ्यातून आला आहे. १९४२ साली वॉर्सॉच्या ज्यू वस्तीत कोंडलेल्या डॉक्टरांनी, स्वतः उपाशी असताना, उपासमारीने मरणाऱ्या माणसांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. हस्तलिखित चोरवाटेने बाहेर पोचवले गेले आणि १९४६ साली छापले गेले. तोवर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक मारले गेले होते. त्यांच्या शवविच्छेदनाच्या नोंदींत एम्फिसिमा आहे, आणि तो फक्त म्हाताऱ्यांपुरता नाही. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की अन्न तोडले की वायुकोश घटतात. २००४ साली कॅनडात, जेवणच नाकारण्याचा मानसिक आजार असलेल्यांच्या सीटी स्कॅनमध्ये एम्फिसिमासारखे बदल दिसले. उंदरांबाबतची दिलासा देणारी गोष्ट अशी की पुन्हा पोटभर खायला मिळाल्यावर त्यांचे वायुकोश परत आले. माणसात तसे होईल असे धरून चालता येत नाही.

आपल्या देशात भूक आणि फुप्फुसे यांची गाठ पडते ती क्षयरोगात. हा तरुणांचा आजार आहे; कमावत्या, मुले वाढवण्याच्या वयातल्या माणसांना तो गाठतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. औषधे येण्यापूर्वी डोंगरावरची हवा, विश्रांती आणि दूध-अंडी हाच उपचार असायचा. पाचगणी, मिरज, औंध इथली आरोग्यधामे त्याच विचारातून उभी राहिली. मग औषधे आली. मद्रासमध्ये १९५६ पासून १९३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून अभ्यास झाला. अर्ध्यांना आरोग्यधामात चांगला आहार आणि औषधे, अर्ध्यांना गरिबीच्या घरात राहून तीच औषधे. वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. १९५९ सालच्या त्या निकालाने जगाचे क्षयरोगाचे धोरण बदलले. आरोग्यधामांची गरज संपली, लाखो गरिबांना घरबसल्या उपचार मिळाले. ते काम मोठेच होते. पण त्याच्या पाठोपाठ एक समजूत रुजली की गोळ्या नीट घेतल्या तर जेवणाचे फारसे अडत नाही. आणि मग पन्नास-साठ वर्षे आपण जेवणाकडे पाहिले नाही.

मद्रासच्या अभ्यासाने औषध घेतलेला रुग्ण बरा होतो का, एवढाच प्रश्न विचारला होता. रुग्णाच्या बायकोला, भावाला, मुलांना आजार होईल की नाही हे त्यांच्या ताटावर ठरते का, हा वेगळा प्रश्न होता. तो विचारला डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी, झारखंडमध्ये, २०१९ ते २०२२ या काळात. फुप्फुसाचा क्षय झालेले २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसे. सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा दिला गेला. फरक घरच्यांत केला: एका गटाच्या घरच्यांना माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, शिवाय जीवनसत्त्वांची गोळी, दुसऱ्या गटाच्या घरच्यांना यातले काही नाही. पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ. आपल्या घरात महिन्याला किती लागते ते आठवून पाहा, म्हणजे हा शिधा किती साधा होता ते कळेल. शिधा मिळालेल्या घरांत नवे क्षयरुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. आणि दुसऱ्याला लागण करणारा, तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी. प्रौढांना इतके संरक्षण देणारी लस आज आपल्या हाती नाही.

रुग्णांच्या बाजूचे आकडे वाचताना माझा हात थांबला होता. बहुतेक रुग्ण कृश, जवळपास निम्मे अतिकृश. अंगावर नुसती हाडे उरलेली माणसे, आणि त्यातल्या अनेकांनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांचा मरणाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. एवढे कळल्यावर वजनकाटा हे क्षयरोगाच्या दवाखान्यातले स्टेथोस्कोपइतकेच महत्त्वाचे साधन मानायला हवे. आपल्याकडे निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला दरमहा पाचशे रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. पाऊल योग्य दिशेने आहे, पण झारखंडचा धडा रुग्णाइतकाच घरातल्या माणसांचा होता. या पुस्तकातली सर्वांत मोठी दोन प्रकरणे क्षयरोगावर आहेत, ती याच कारणाने.

भूक नसलेल्या घरांतल्या तरुणांची गोष्ट वेगळी, आणि ती पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागात फिरले तर रस्त्यावरच दिसते. स्पर्धा परीक्षांची तयारी करायला गावाकडून आलेली पोरे-पोरी. सकाळी अभ्यासिकेत जागा धरायची म्हणून नुसता चहा आणि क्रीमरोल. अकराला मेसचा डबा: तीन-चार पोळ्या, बटाट्याचा किंवा मटकीचा तर्री आलेला रस्सा, भात, आणि तळाशी चार दाणे शोधावे लागतील असे वरण. संध्याकाळी वडापाव नाहीतर मिसळ. रात्री परत तोच डबा, नाहीतर मॅगी. पोट भरते. वजनही वाढते. पण हिरवे, पिवळे, तांबडे असे काही ताटात येत नाही. फळ म्हणजे घरून कुणी आले तर आणलेली डझनभर केळी. ज्या आयांनी चाकवत, अंबाडी, माठ, करडईची कोवळी भाजी, शेवग्याचा पाला खाऊ घालून यांना वाढवले, त्यांची मुले फुप्फुसांच्या शेवटच्या वाढीची वर्षे बटाट्यावर काढतात. त्यात खोलीतल्या मित्राची सिगारेट आणि खाली रस्त्यावरचा धूर. आणि पोट सुटले की तेही श्वासाला नडते: चरबीचा थर छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला खालून वर ढकलतो, फुप्फुसाला पसरायला जागा उरत नाही.

भाज्या-फळे श्वासाला कशी मदत करतात, त्याचे थोडक्यात उत्तर असे. श्वासनलिकांच्या आतल्या पृष्ठभागावर पातळ द्रवाचा थर असतो. धूर, ओझोन, जंतू यांच्यामुळे होणारी जाळपोळ प्रथम तो झेलतो, आणि हे काम करणारे क आणि ई जीवनसत्त्वांसारखे घटक अन्नातून येतात. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातले क जीवनसत्त्व लवकर संपते. कार्डियातल्याच ज्या तरुणांच्या रक्तात भाज्या-फळांतली पिवळी-तांबडी रंगद्रव्ये जास्त होती, त्यांचा श्वास पुढच्या वर्षांत चांगला टिकला. तेलाबद्दलचाही एक धागा तिथे मिळतो. ई जीवनसत्त्वाची अनेक रूपे आहेत, त्यांतली दोन इथे महत्त्वाची. सूर्यफूल आणि करडईच्या तेलात अल्फा जास्त, सोयाबीन आणि मक्याच्या तेलात गॅमा. २०१४ साली याच अभ्यासातून दिसले की रक्तात अल्फा जास्त असणाऱ्यांचा श्वास बरा आणि गॅमा जास्त असणाऱ्यांचा कमी. एवढ्यावरून सोयाबीनचा डबा फेकून द्या असे मी म्हणणार नाही. पण मराठवाड्याच्या शेतांतून करडई आटत गेली आणि घराघरांत रिफाइंड सोयाबीन आले, त्या बदलाकडे आहारशास्त्राने नीट पाहावे, असे मला मनापासून वाटते.

हे वाचून कुणी औषधाच्या दुकानात याच रंगद्रव्यांपैकी एकाची, बीटा-कॅरोटिनची, बाटली मागायला जाईल, त्याला मी हात जोडून थांबवते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर हा प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. तिथे कर्करोग अठ्ठावीस टक्क्यांनी वाढला होता. सरलाहीतही बीटा-कॅरोटिन दिलेल्या आयांच्या मुलांना श्वासाचा फायदा झालेला दिसला नाही. गाजरातले रंगद्रव्य गाजरातच बरे. तिथे ते शेकडो इतर घटकांबरोबर, तंतूंबरोबर, सावकाश मिळते. आणि त्याला शोषले जायला थोडे तेल लागते. आपल्या फोडणीत ती सोय आहेच. क जीवनसत्त्वाचे उलट आहे. ते उकळताना जाते, म्हणून भाजी आधी धुऊन मग चिरायची, शिजवलेले पाणी फेकायचे नाही, आणि पेरू, आवळा, लिंबू कच्चेच खायचे.

पेरूचे नाव काढले की दवाखान्यात आई दचकते. पेरूने खोकला होतो, केळ्याने कफ वाढतो, दह्याने छाती भरते, आंबट तर अजिबात नको. दम्याच्या पोराचे हे पथ्य वर्षानुवर्षे चालते, आणि बघता बघता त्याच्या ताटातून फळ हा प्रकारच हद्दपार होतो. संत्र्याच्या तीन-चार पट क जीवनसत्त्व असलेला, हातगाडीवर स्वस्तात मिळणारा पेरू खोकल्याच्या नावाखाली बंद, आणि रंग घातलेले ‘ऑरेंज’ पेय चालू. दुधाने कफ वाढतो का, हे ऑस्ट्रेलियात सर्दीचे विषाणू दिलेल्या स्वयंसेवकांवर तपासून झाले आहे, वाढत नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खरोखर बाधतो, त्याला अॅलर्जी असते. अशाने तो पदार्थ टाळावाच, पण तपासून. सरसकट पथ्य म्हणजे आजाऱ्याची उपासमार. गुळाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण गिरण्यांत, खाणींत, सिमेंटच्या कामावर ‘गूळ खा, धूळ निघून जाते’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. लखनौच्या संशोधकांनी १९९४ साली उंदरांवर काही उत्साहवर्धक निरीक्षणे मांडली होती. पण कामगाराच्या फुप्फुसाला मास्क, ओले करून तोडकाम आणि खेळती हवा याच गोष्टी वाचवतात. मालकाने गुळाचा खडा देऊन त्यातून सुटका करून घेऊ नये.

तोच नियम सिगारेटलाही. पालेभाजीने तंबाखूचे नुकसान भरून निघत नाही, आणि चुलीच्या धुरात दिवसाचे चार तास बसणाऱ्या बाईला आवळा देऊन भागत नाही. तिला आधी धूर नसलेली शेगडी द्यायला हवी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि इतरांनी २००९ पासून सातत्याने मांडले आहे की सीओपीडी हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नाही. या पुस्तकात आहाराला मी धूर-धुळीच्या जागी आणलेले नाही. त्यांच्या शेजारी बसवले आहे.

पुढच्या प्रकरणांत आहाराचे तक्ते कमी आणि बाजारहाट जास्त आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेल्या रोजच्या चारशे ग्रॅम भाज्या आणि शंभर ग्रॅम फळे मेसच्या डब्यात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, मजुराच्या भाकरीबरोबर कशी बसवायची, एवढाच तिथला विचार आहे. जवसाची चटणी, हुलग्याचे माडगे, लाल भोपळ्याची भाजी, तारली-बांगड्याचे कालवण, अंडे, मूठभर शेंगदाणे: यातले बरेचसे आपल्या आज्यांना ठाऊक होते आणि परवडतही होते.

वाचणाऱ्यांकडे माझी मागणी ठोस आहे. मेस चालवत असाल तर आठवड्यातून चार दिवस डब्यात पालेभाजी टाका आणि वरणात डाळ वाढवा. मुलगा-मुलगी शिकायला बाहेर असेल तर फोनवर अभ्यासाच्या आधी आज काय खाल्लेस ते विचारा. आणि घरात, शेजारात, वस्तीत कुणाला क्षयरोग निघाला, तर त्या घरातल्या प्रत्येकाचे वजन करून लिहून ठेवा, दोन महिन्यांनी पुन्हा करा, आणि निक्षयचे हजार रुपये रुग्णाच्या खात्यात दरमहा येतात की नाही ते आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.